मुलगी म्हणते मी मुलगा आहे, भाचा म्हणतो मी गे आहे: हे नेमकं येतं कुठून?

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला, गेल्या दिवाळीत केस एकदम बारीक कापून घेतले, घरात 'मी जेवलो, मी निघालो' असं बोलायला लागली आणि मागच्या महिन्यात सरळ म्हणाली की आई मी मुलगी नाहीये, मी मुलगा आहे. त्यातच भावाचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, चांगली नोकरी, स्थळं बघायला सुरुवात केली तर म्हणाला मी गे आहे, मुली बघू नका. ताई विचारतात, हे रक्तातच असतं का, आमच्या घराण्यात काही आहे का, की मोबाईल, कॉलेज, मित्रमैत्रिणी यातून येतं, आणि आम्ही वाढवताना कुठे कमी पडलो?

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात नौपाड्यात बसते, त्याआधी बरीच वर्षं वाशीत होते. असे आईवडील माझ्याकडे सतत येतात, घोडबंदर रोडच्या टॉवरमधले येतात तसे कळव्याच्या चाळीतलेही येतात आणि जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न कारण काय हाच असतो, पण आत खरं तर विचारायचं असतं की कोणाचं चुकलं. म्हणून ते आधी सांगून टाकते. तुमचं काही चुकलेलं नाही. मुलीला मुलांबरोबर क्रिकेट खेळू दिलं म्हणून, वडील फिरतीवर असायचे म्हणून, पोटात असताना मुलगा व्हावा असं मनात आलं म्हणून, यातल्या कशानेही असं होत नाही. बाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण 'जन्मजात असतं' एवढं बोलून मोकळे होणारे खूप आहेत आणि ते वाक्य अर्धंच आहे.

पहिलं म्हणजे तुमच्या घरातल्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाचा स्वतःला पुरुषच समजतो, त्याबद्दल त्याच्या मनात काही नाही, फक्त त्याची ओढ पुरुषांकडे आहे, याला लैंगिक कल म्हणतात. तुमच्या लेकराचं बोलणं ओढीबद्दल नाहीच, ते 'मी कोण' याबद्दल आहे, तो लिंगभाव. आणि तिसरी गोष्ट म्हणजे केस, कपडे, चाल, बोलणं, आवडी. या तिन्ही एकमेकींबरोबर येतातच असं नाही. नाजूक बोलणारा मुलगा गे असेलच असं नाही, आणि गे असलेले कित्येक जण ऑफिसात, जिममध्ये, पथकात तुमच्या शेजारी उभे असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मतः मुलगी धरलेल्या पण आतून पुरुष असलेल्या माणसाला, बाईबद्दल ओढ असेल किंवा पुरुषाबद्दलही असेल. या गोष्टी एकत्र करून टाकल्या की घरात भलतीच भांडणं सुरू होतात, म्हणजे लेकरू बोलतंय स्वतःबद्दल आणि आई विचारतेय कोणावर प्रेम बसलंय का.

आता शरीराचं. गर्भ पहिले सहा-सात आठवडे मुलाचा असो की मुलीचा, दिसायला सारखाच असतो, दोघांतही दोन्ही बाजूंनी घडायची तयारी असते. मग वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय नावाचा जीन, जो १९९० साली सापडला, तो वृषण तयार व्हायचा इशारा देतो, वृषणातून टेस्टोस्टेरॉन सुटतं आणि त्याने बाहेरचे अवयव मुलासारखे घडतात. हा इशारा आला नाही तर घडण मुलीची होते. पण हे दरवेळी सरळ होत नाही. काही जणींचे क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रं, मुलग्यांसारखे एक्सवाय असतात, आत वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर असतं, फक्त शरीराला ते ओळखताच येत नाही, त्यामुळे मूल मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं आणि पंधरा-सोळाव्या वर्षी पाळी का येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर कळतं. यातल्या बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात आणि बाईचंच आयुष्य जगतात. मग सांगा, क्रोमोसोमवरून माणूस ठरवायचा का?

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया. मोठं नाव आहे, आम्ही सीएएच म्हणतो. यात मुलीच्या गर्भाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खूप जास्त अँड्रोजेन बनवतात, म्हणजे ती मुलगी आईच्या पोटात असतानाच पुरुषी हार्मोनच्या संपर्कात येते. अशा मुलींचा खूप अभ्यास झालाय. लहानपणी त्या इतर मुलींपेक्षा गाड्या, बॉल, धावपळीचे खेळ जास्त पसंत करतात, आणि महत्त्वाचं म्हणजे आईबाप बाहुल्यांकडे वळवत असले तरी करतात. मोठेपणी बाईबद्दल ओढ असण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर बायकांपेक्षा जास्त दिसतं. पण इथेच थांबून पुढचंही ऐका, त्यातल्या बहुसंख्य जणींना पुरुषच आवडतात आणि खूप मोठ्या संख्येने त्या स्वतःला बाईच समजतात. म्हणजे पोटातलं हार्मोन ढकलतं, पण पूर्ण ठरवत नाही.

मग वाढवण्याने ठरतं का? याचं उत्तर एका लेकराला फार मोठी किंमत देऊन मिळालंय आणि ती गोष्ट मी प्रत्येक आईबापाला सांगते. कॅनडात विनिपेगला १९६५ साली जुळे मुलगे झाले, त्यातल्या एकाची सुंता करताना मशीनने अवयव जळाला. जॉन मनी नावाचे अमेरिकेतले फार मोठे मानसशास्त्रज्ञ म्हणाले, लिंगभाव वाढवण्यावरच अवलंबून आहे, याला मुलगी म्हणून वाढवा. ऑपरेशन झालं, नाव बदललं, फ्रॉक आले, पुढे हार्मोनच्या गोळ्या आल्या. लेकराला काहीच माहीत नव्हतं तरी ते फ्रॉक फाडायचं, शाळेत एकटं पडायचं, कुठल्याच मुलीत मिसळायचं नाही, आणि इकडे मनी साहेब मात्र प्रयोग यशस्वी झाला म्हणून लिहीत होते. चौदाव्या वर्षी वडिलांनी खरं सांगितलं आणि त्याने लगेच मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली, डेव्हिड नाव घेतलं. १९९७ साली मिल्टन डायमंड आणि सिग्मंडसन यांनी ही खरी हकिकत छापली. २००४ मध्ये डेव्हिड रायमरने आत्महत्या केली, वय ३८. एकाच्या उदाहरणावरून सिद्धांत करू नये म्हणतात ते बरोबर आहे, पण त्याच वर्षी रायनर आणि गिअरहार्ट या डॉक्टरांनी आणखी १४ जणांबद्दल लिहिलं, जन्मतः एक दुर्मिळ व्यंग होतं म्हणून या मुलांना लहानपणीच मुली करून वाढवलेलं, त्यातल्या ८ जणांनी पुढे सांगितलं की आम्ही मुलगे आहोत. सगळ्या चौदांनी नाही, हेही विसरू नका. पण घर, शाळा, डॉक्टर, औषधं सगळं एका बाजूला लावूनसुद्धा आतलं बदललं नाही, अशी ही माणसं आहेत. तेव्हा ताई, जे एवढ्या जोर लावून करता आलं नाही ते तुम्ही क्रिकेटची बॅट घेऊन देऊन केलंत असं कसं होईल?

घराण्याचं विचारलंत. जीन्सचा वाटा आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. १९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड यांनी गे पुरुषांची जुळी भावंडं तपासली, अगदी एकसारख्या जुळ्यांत ५२ टक्के वेळा दुसरा भाऊही गे किंवा बायसेक्शुअल, म्हणजे बाई-पुरुष दोघांकडे ओढ असलेला, निघाला, साध्या जुळ्यांत २२ टक्के. म्हणजे रक्ताचा संबंध आहे, पण जीन्स शंभर टक्के सारखे असूनही जवळपास निम्मे वेळा दुसरा भाऊ तसा नव्हता. पुढे मोठ्या अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला. मग २०१९ मध्ये जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या डीएनएचा अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला आणि त्यात स्पष्ट झालं की 'गे जीन' नावाची एक कोणती वस्तू नाहीये. हजारो छोटे छोटे फरक थोडा थोडा वाटा उचलतात, सगळे मिळून माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण ८ ते २५ टक्के, आणि कोणाचा डीएनए बघून तो माणूस गे आहे का हे सांगता येत नाही. ट्रान्स व्यक्तींवरचे अभ्यास फार छोटे आहेत, एका पाहणीत एकसारख्या जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघंही ट्रान्स होते आणि साध्या जुळ्यांत अशी एकही जोडी नव्हती. त्यामुळे तुमच्या भाच्यावरून तुमच्या लेकराचं काही अनुमान काढू नका, आणि माहेरच्या रक्तात आहे म्हणून सासरी कोणी बोलत असेल तर त्याला शास्त्रात काही आधार नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्यापैकी पक्की सापडलीय आणि ती जीन्सची नाही. मोठ्या भावांची. ज्या पुरुषाला सख्खे मोठे भाऊ जास्त, तो गे असण्याची शक्यता थोडी वाढते, प्रत्येक मोठ्या भावामागे सुमारे ३३ टक्क्यांनी. ऐकून घाबरू नका, मुळात शंभरात दोन असेल तर एका मोठ्या भावाने ते शंभरात पावणेतीनच्या आसपास जातं, एवढंच. कॅनडातल्या बोगार्ट यांनी २००६ मध्ये दाखवलं की सावत्र किंवा दत्तक मोठ्या भावांबरोबर वाढल्याने हा परिणाम दिसत नाही, आणि सख्खा मोठा भाऊ वेगळ्या घरी वाढला तरी दिसतो. म्हणजे हे घरातलं नाही, पोटातलं आहे. २०१८ मध्ये त्यांनी आणि ब्लँचर्ड वगैरेंनी मुलग्यांच्या मेंदूतल्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज मोजल्या, गे मुलांच्या आयांमध्ये, विशेषतः ज्यांच्या आधी मोठे मुलगे झाले होते, त्या जास्त होत्या. हे सगळ्या गे पुरुषांना लागू नाही, कित्येक जण थोरले असतात, एकुलते असतात. आणि बायकांबाबत असं पक्कं काही सापडलेलं नाही.

मेंदूच्या स्कॅनबद्दल तुम्ही वाचलं असेलच. १९९१ मध्ये लिव्हे यांनी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातला एक ठिपका गे पुरुषांत लहान असल्याचं लिहिलं, १९९५ मध्ये डच संशोधकांनी ट्रान्स बायकांच्या मेंदूत बायकांसारखा एक भाग दाखवला. दोन्हीत माणसं मोजकी होती. डिक स्वाब या डच संशोधकांचा एक तर्क आहे की अवयव पहिल्या काही महिन्यांत घडतात आणि मेंदूवर हार्मोनचा परिणाम नंतरही होत राहतो, त्यामुळे दोघांची दिशा वेगळी होऊ शकते. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तर्कच आहे, मेंदूचा एमआरआय काढून मुलगा की मुलगी सांगतो म्हणणारा कोणी भेटला तर पैसे देऊ नका.

हार्मोनच्या इंजेक्शनचं मात्र कळकळीने सांगते कारण अजून हे चालतं. गे मुलाला 'मर्दानगी कमी आहे' म्हणून टेस्टोस्टेरॉन देतात. गे पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी नसतं. वरून दिलं तर इच्छा वाढेल, पण ओढ ज्या दिशेला आहे त्याच दिशेला राहील. तुमच्या भावाला हे नक्की सांगा.

आता संस्कृती. इथे मी 'काहीच संबंध नाही' असं म्हणणार नाही, संबंध खूप आहे, फक्त लोक समजतात तिथे नाही. ओढ कुठे आहे, आत आपण कोण वाटतो, हे संस्कृती ठरवत नाही. पण त्याला नाव काय द्यायचं, ते दाखवायचं कसं, कोणत्या वयात बोलता येईल, बोललं तर घर राहील का जाईल, हे सगळं संस्कृतीच ठरवते.

तुम्ही 'मी जेवलो' वर घाबरलात. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात, तिकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. तेच ऐरोलीत तुमच्या घरात बोललं की अर्थ बदलतो, कारण तुमच्या लेकराने ते मुद्दाम निवडलंय. गुढीपाडव्याला ठाण्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी आणि वर फेटा घालून बुलेटवर निघालेल्या मुलींचे फोटो आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो, फेटा आपल्या आजोबांच्या काळात पुरुषांचा होता. भिकबाळी पेशवाईत पुरुषांच्या कानात होती, मध्ये मुलाने कान टोचले की घरचे ओरडायचे, आता ढोलपथकातला प्रत्येक दुसरा पोरगा घालतो. गुलाबी मुलींचा आणि निळा मुलांचा हे तर विसाव्या शतकात अमेरिकन दुकानांनी रुजवलं, १९१८ मध्ये तिकडचं एक व्यापारी मासिक नेमकं उलटं सांगत होतं. बालगंधर्वांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या, आणि त्यावरून त्यांच्या लिंगभावाबद्दल काही म्हणायला आपल्याकडे आधार नाही, ती रंगभूमीची रीत होती, बायकांना तिथे जागाच नव्हती. तेव्हा केस कापले, शर्ट घातला, यातून मी काहीच ठरवत नाही. खूप मुली केस कापतात.

नावाचं बघा. आपल्याकडे यल्लम्माचे जोगते आहेत, साडी नेसतात, डोक्यावर देवीचा जग घेतात, चौंडकं वाजवतात. घरातल्या मुलाचं वागणं वेगळं दिसलं, केसांत जट आली की देवीने बोलावलं म्हणायचे आणि त्याला एक जागा मिळायची. जागा मानाची असेल पण तेवढीच, दुसरी नाही, शिक्षण नाही, नोकरी नाही. हिजड्यांच्या घराण्यात गुरू-चेला आहे, आईबापांनी टाकलेल्याला तिथे आसरा मिळतो. सामोआ बेटांवर अशाच माणसांना फआफाफिने म्हणतात, ती तिथे घरातच राहतात, भाचरं सांभाळतात, कुटुंब त्यांना हाकलत नाही. जन्माने हे लोक सारखे असतील, आयुष्य मात्र एकाचं सौंदत्तीच्या डोंगरावर गेलं, एकाचं तीन हात नाक्याच्या सिग्नलला आणि एकाचं आपल्या बहिणीच्या घरात. संस्कृती माणसाचं काय करते हे मला यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आणि उलटही. पापुआ न्यू गिनीत सांबिया नावाच्या जमातीचा गिल्बर्ट हर्ड यांनी अभ्यास केला, तिथे मुलगे वयात येण्याच्या विधीचा भाग म्हणून काही वर्षं मोठ्या मुलांबरोबर समलिंगी वर्तन करायचे, सगळेच, सक्तीने. पुढे त्यातल्या बहुतेकांची लग्नं झाली आणि ओढ बायकांकडेच राहिली. एवढी वर्षं करायला लावून जर कोणी गे बनत नसेल तर इन्स्टाग्रामवरच्या रील बघून कसा बनेल, हा प्रश्न मी मोबाईल फोडणाऱ्या वडिलांना विचारते. गे किंवा लेस्बियन आईबापांनी वाढवलेली मुलंही बहुतेक करून स्ट्रेटच, म्हणजे विरुद्ध लिंगाकडे ओढ असलेलीच, निघतात.

'पूर्वी असलं काही नव्हतं' हे तुम्हीही लिहिलंय. ताई, होतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अशा वेगळ्या जन्मांची कारणं सांगायचा प्रयत्न आहे, म्हणजे हा प्रश्न तेव्हाच्या वैद्यांनाही पडत होता. ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम घातलं, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टमध्ये हिजड्यांची नोंद ठेवायला लावली, मग कोण उघड बोलणार? तरी लोक विचारत होतेच. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या अशाच प्रश्नांना छापून उत्तरं द्यायचे, त्यात समलिंगी संबंधांबद्दलही असायचं, आणि १९३४ मध्ये त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, दंड झाला. पण मराठी माणूस नव्वद वर्षांपूर्वी हे विचारत होता. संख्या वाढल्यासारखी वाटते ती डावखुऱ्यांसारखी, आपल्या लहानपणी डाव्या हाताने लिहिलं की फटका बसायचा म्हणून वर्गात डावखुरे कमी दिसायचे, मारणं बंद झालं तशी संख्या वाढत गेली आणि मग एका जागी थांबली.

इथे नवी मुंबईत आणखी एक कारण मी रोज बघते आणि ते पगाराचं आहे. साताऱ्याचा, बीडचा मुलगा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरीला लागतो, कोपरखैरण्यात तिघांत मिळून रूम घेतो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं दार, स्वतःचा पैसा मिळतो. गावातही तो असाच होता, फक्त तिथे बोलला असता तर रात्री झोपायला कुठे गेला असता? लोक म्हणतात शहरात आला आणि बिघडला.

मोबाईलने काहीच होत नाही असं म्हणत नाही मी. मोबाईलने शब्द मिळतात. पूर्वी ज्या मुलीला फक्त 'माझं काहीतरी वेगळं आहे' एवढं वाटायचं तिला आता दहा शब्द मिळतात, काही मुलं एक शब्द घेऊन बघतात, वर्षाने दुसरा घेतात. लिसा डायमंड यांनी लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा स्वतःला कोणतंच नाव न देणाऱ्या काही तरुण बायकांना दहा वर्षं पुन्हा पुन्हा भेटून विचारलं, त्यातल्या दोन तृतीयांश जणींनी स्वतःसाठीचं नाव निदान एकदा तरी बदललं होतं. माणसाचं आतून आपोआप उलगडणं वेगळं आणि बाहेरून कोणी बदलायला जाणं वेगळं, पहिलं होतं, दुसरं होत नाही.

म्हणून तुमच्या लेकराबद्दल मी आत्ता ना हो म्हणत ना नाही. 'मी मुलगी नाही, मुलगा आहे' किंवा त्याच्या उलट म्हणणारी लहान मुलं मोठी होऊन ट्रान्स होतातच असं नाही. अमेरिकेत रिचर्ड ग्रीन यांनी बायकी वागणाऱ्या लहान मुलग्यांना पंधरा वर्षं बघितलं, १९८७ मध्ये लिहिलं, त्यातले साधारण तीन चतुर्थांश मोठे होऊन गे किंवा बायसेक्शुअल झाले, ट्रान्सच्या वाटेने जाणारा एखादाच. पण तुमचं लेकरू सात वर्षांचं नाही, सोळा वर्षांचं आहे, वयात आल्यावरही असं ठाम वाटत असेल तर ते तसंच टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते. मी विचारेन ते असं, हे कधीपासून आतून वाटतंय, दिवाळीपासून नव्हे, त्याआधी. पाळी सुरू झाली तेव्हा काय झालं. छाती आल्यावर पाठीत वाकून चालायला लागलं का, पोहायला जाणं बंद केलं का, आरशात बघणं टाळतं का. एकटं असताना स्वतःला काय म्हणतं. झोप, जेवण, अभ्यास कसा आहे. हातावर ब्लेडच्या खुणा आहेत का, हे तर आधी. ऑटिझमची लक्षणं असतील तर तीही बघते, ट्रान्स व्यक्तींमध्ये त्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून त्यांचं म्हणणं खोटं होत नाही, पण बोलायची पद्धत आणि मदत वेगळी लागते.

यासाठी घाई कोणत्याच बाजूने नको. सोळाव्या वर्षी ऑपरेशनचा विषयच नाही, ऑनलाइन मागवून हार्मोन तर बिलकुल घ्यायचे नाहीत. पण केस, कपडे, घरात कोणत्या नावाने हाक मारायची, हे सगळं उद्या मागे घेता येतं, त्याने शरीराला काहीही होत नाही आणि लेकराला श्वास मिळतो. मी बहुतेक आईबापांना म्हणते, मागे घेता येण्यासारखं आहे ते देऊन टाका. केटलिन रायन यांचा २००९ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ज्या गे-लेस्बियन-बायसेक्शुअल तरुणांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, घरच्यांनी जवळ ठेवलेल्यांच्या तुलनेत आठ पटीहून जास्त होतं. घराला हे कारण बदलता येत नाही ताई, पण परिणाम घरच ठरवतं.

भाच्याचं तर सरळ आहे. सव्वीस वर्षांच्या माणसाला स्वतःबद्दल माहीत असतं. समलैंगिकता आजारांच्या यादीतून अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये, ट्रान्स असणंही त्यांनी २०१९ मध्ये मानसिक आजारांतून बाहेर काढलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये, सहा सप्टेंबरला, प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्हा काढून टाकला. बदलून देतो म्हणणारी कन्व्हर्जन थेरपी डॉक्टरने केली तर ते व्यावसायिक गैरवर्तन ठरतं, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये तसं कळवलंय. मग राहतात बुवा-बाबा आणि 'लग्न लावून द्या, सुधारेल' म्हणणारे काका. त्या काकांमुळे माझ्यासमोर बसलेल्या बायका मी विसरू शकत नाही, लग्नाला चार-पाच वर्षं झालेली असतात, नवरा हात लावत नाही, ती स्वतःला कुरूप समजायला लागलेली असते, मूल का नाही म्हणून तिच्याच तपासण्या चालू असतात. दुसऱ्याच्या मुलीचं असं करायचा आपल्याला काय अधिकार? भाऊ-वहिनींना एवढं एकच नीट समजावा, बाकी पचायला त्यांना वेळ लागला तरी चालेल.

आणि एक मनातलं बोलते. समजा उद्या सिद्ध झालं की यात जन्माचं काहीच नाही, तर तुम्ही लेकराला घरातून काढाल का? नाही ना काढणार. मग प्रेम करायला तुम्हाला रिपोर्टची गरज नाहीये. कारण शोधायचं कुतूहल मलाही आहे, मी ते वाचत राहीन, पण लेकराशी बोलणं त्यासाठी थांबवू नका.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. घरात एकट्याच असाल तेव्हा त्याच्याजवळ बसा आणि फक्त विचारा, तुला कधीपासून असं वाटतंय, आणि मग ऐका, मध्ये बोलू नका, रडू आलं तर येऊ द्या. नावाबद्दल विचारा, घरात कोणतं हवं. मरणाचं काही बोललं किंवा हातावर खुणा दिसल्या तर त्या रात्री एकटं ठेवू नका, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतंय, आणि स्वीकार नावाचा आईवडिलांचाच गट आहे, तुमच्यासारख्याच आया तिथे भेटतील, माझ्याशी बोलण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून तुम्हाला जास्त बरं वाटेल असं मला वाटतं. सायकॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा आधी फोनवरच विचारून घ्या की तुम्ही हे बदलायचा प्रयत्न करता का, हो म्हणाले तर जाऊ नका. कॉलेजला, क्लासच्या सरांना, सासूबाईंना, बिल्डिंगमध्ये कोणालाही सांगायचं असेल तर आधी लेकराला विचारा, कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही ही यादी त्याचीच, तुमची नाही. बाबांना सांगितलंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही त्यालाच विचारा, कदाचित त्याला तुम्ही सोबत असायला हव्या असाल.